कोंबड्यांनी पाठ फिरवेपर्यंत

कोंबडीला दिवसातून दोनदा खायला द्यायचं असतं. सकाळी खुराडं उघडल्यावर दळलेलं खाद्य आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मूठभर ज्वारी. मधल्या वेळात स्वच्छ पाणी, आणि अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून थोडी शिंपल्यांची भुकटी. बास. लाड करायचेच असले तर मेथीच्या काड्या, कोबीचा पाला, मुळ्याची पानं, आणि तीही चार घास. यात न समजण्यासारखं काय आहे? आठवीच्या वर्गाला मी याहून अवघड गोष्टी शिकवल्या आहेत. पण गारखेड्यातल्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात, माझ्या स्वतःच्या माणसांना, मला एवढी एक गोष्ट शिकवता आली नाही.

मी बी.एस्सी. आहे, विषय प्राणिशास्त्र. हे मी सांगितलं की लोकांना वाटतं, बाई मिरवते. मिरवतेच. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, ना बाईमाणूस ना बाप्यामाणूस. आज शहराच्या पाट्यांवर नवं नाव आहे. तेव्हा औरंगाबाद होतं आणि गावाकडनं इथं शिकायला येणाऱ्या पोरीकडे लोक वळून बघायचे. मी शिकले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, नवऱ्याच्या आणि माझ्या पगारावर घर बांधलं. घराच्या मागं फरशी घातलेलं हातरुमालाएवढं अंगण ठेवलं. तिथं मला मोगरा लावायचा होता.

मोगऱ्याच्या जागी कोंबड्या आल्या, त्या मायबरोबर.

मायला गावी कावीळ झाली. कावीळ उतरली, पण जाताना अंगातलं सगळं बळ घेऊन गेली. भाऊ तिला एसटीनं घेऊन आला तेव्हा दारात उभी राहिलेली बाई माझीच माय आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. आणि एवढं असून तिच्या कडेला बांबूचं डालं होतं, डाल्यावर फडकं बांधलेलं, आणि फडक्याखालून कुरकुर.

"माय, हे काय?"

"मी हितं आन त्या तिथं? त्यांना कोण बघंल?" ती म्हणाली. "तुझी भावजय शेतात जाती. कुत्री फाडून खातील."

तीन कोंबड्या होत्या. एक तांबडी, एक काळी आणि एक उघड्या मानेची. या शेवटच्या जातीला मानेवर पिसंच नसतात. गळा लालबुंद आणि नागडा दिसतो, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखा. माझ्या नवऱ्यानं तिला बघितलं आणि म्हणाला, "मामी, हिला थंडीत मफलर लागेल." सासूला तो मामी म्हणायचा. माय हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली, म्हणून मी कोंबड्यांबद्दल पुढं काही बोलले नाही. तिथंच माझं चुकलं असं आता म्हणायची सोय नाही, कारण त्या परत गेल्या असत्या तर त्यांच्या मागोमाग मायही गेली असती.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासलं आणि मला बाजूला घेतलं. रक्त फार कमी आहे, म्हणाले. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पोटभर खाल्लं पाहिजे. भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध, आणि रोज एक अंडं. पुढच्या खेपेला वाढलेलं दिसलं नाही तर भरती करून रक्त चढवावं लागेल.

शेवटचं वाक्य मायनं ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "कुनाचं रगत चढिवत्यात?"

"कुणाचंही. ज्याचं जुळेल त्याचं."

"म्हंजी मटण खाणाराचं? दारू पिणाराचं?"

बाप गेल्यावर मायनं तुळशीची माळ घातली होती. तेव्हापासून मांस-मासळी बंद, अंडं बंद, कांदा-लसणाकडेही तिरपं बघणं. तिच्या गळ्यातल्या माळेकडे बघत मी म्हणाले, "रक्ताला काय कळतं, माय?"

"मला कळतंय ना," ती म्हणाली. "मी मरंन, पर ते नाय घेणार."

ती नुसतं बोलायचं म्हणून बोलणाऱ्यातली नव्हती. तेव्हा गोष्ट सरळ झाली. मायनं खायचं. खाल्लं तर रक्त वाढेल, वाढलं तर चढवावं लागणार नाही. मी अंड्याचा एकदाच प्रयत्न करून बघितला.

"औषध म्हणून खा."

"औषध म्हणून माळ काढून ठिवू का खुंटीला?"

अंड्याचा विषय संपला. म्हणजे घरात तीन कोंबड्या, त्यांची अंडी खायची मी आणि नवऱ्यानं, आणि जिला अंड्याची गरज ती त्यांना सांभाळणार. ठीक आहे, म्हटलं. निदान कोंबड्या तरी नीट सांभाळू.

मी पशुसंवर्धनाचं माहितीपत्रक मिळवलं, वाचलं. जुन्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात जाऊन अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी असतं ते दळलेलं खाद्य आणलं. मका, सोयाबीनची पेंड, कोंडा, क्षार, सगळं प्रमाणात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बस ये डालो. ऊपर से कुछ नको. ऊपर का खाए तो ये नहीं खातीं." मला त्याचं बोलणं फार आवडलं. नेमका माणूस.

मायनं पोत्यात हात घातला, बोटांवरची भुकटी नाकाशी नेली आणि पोत्यावर झटकली. "हे काय?"

"कोंबड्यांचं खाणं."

"पीठ हाय का भुसा?"

"यात सगळं आहे. जे जे त्यांना पाहिजे ते सगळं."

"चव हाय का?"

कोंबडीला चव फारशी कळत नाही, हे मी तिला शास्त्रशुद्ध सांगितलं. जिभेवर चवीच्या गाठी किती कमी असतात तेही सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुला कोंबडीनं सांगितलं का?" नवरा आतल्या खोलीत मोठ्यानं हसला. त्याला असं हसायला कधीही जमायचं.

तरी कोंबड्या रुळल्या. अंडी मोठी झाली, कवच टणक. महिनाभर मी समाधानात होते, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी सोडून या घरात आणि घराच्या आसपास प्रत्येकजण कोंबड्यांना काहीतरी भरवतोय.

नवरा बँकेतनं आला की चहाबरोबरचे मुरमुरे अंगणात उधळायचा. "घ्या बायांनो, तुमचा नाश्ता." शेव पण टाकायचा. मी म्हणायचे, मीठ असतं त्यात, तिखट असतं. तो म्हणायचा, "त्यांना चव कळत नाही ना? मग तिखट कसं कळंल?" शेजारच्या काकू म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेल्या एका कारकुनाच्या पत्नी. सोवळ्यातल्या. कोंबड्या आल्या त्या दिवशी त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरून नाकाला पदर लावला होता. आठवडाभरात त्याच भिंतीवरून मटारची सालं पडायला लागली, "या गं, या गं, सोन्यांनो." मटारची साल चालते. मग सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी मी बघते तर तांबडी काहीतरी मऊ, पिवळं ओरपतेय.

"काकू, हे काय दिलंत?"

"प्रसादाचा शिरा गं. उरला होता. प्रसाद टाकून का द्यायचा?"

कोंबडीला साजूक तुपातला शिरा, केळं आणि बेदाणे घालून! मी सांगितलं की कोंबडीला चरबी झाली की अंडं अडकतं, अडकलं की ती मरते. काकूंनी डोळे मोठे केले. "प्रसादानं?" म्हणाल्या, आणि मी देवाविरुद्ध काही बोलले असल्यासारखं त्यांनी दार लावून घेतलं.

पण या सगळ्यांवर कडी मायची. एका एकादशीला सकाळी मी खाद्याची वाटी घेऊन मागं गेले तर कोंबड्यांच्या पुढ्यात भगर होती. शिजवलेली, मोकळी, वरून शेंगदाण्याचं कूट.

"माय, हे काय करायलीस?"

"आज एकादस हाय."

"तुझी आहे. त्यांची कुठं आहे?"

"घरात आज धान्य नाय. मी त्यांना ज्वारी कशी टाकू? घरात जे माणसं खात्यात ते जित्राबं खात्यात."

"अगं, त्या किडे खातात! परवा काळीनं पाल गिळली तुझ्यासमोर!"

"ते त्यांच्या नशिबाचं. माझ्या हातनं नाय."

शाळेला उशीर होत होता. मी खाद्याची वाटी तशीच ठेवली आणि निघाले. क्रांती चौकापर्यंत बसमध्ये माझं मनातल्या मनात भांडण चालू होतं, आणि त्या भांडणात मी जिंकत होते.

आता मायच्या खाण्याचं सांगते, कारण खरं दुखणं ते होतं. तिची जेवायची एक रीत होती. सकाळी चहा, दुपारी सगळ्यांची झाल्यावर एकदाच ताट भरून जेवण, रात्री कपभर दूध. ही रीत बदलायला मी जिवाचा आटापिटा केला, नाही बदलली. तेव्हा म्हटलं, दुपारचं तरी भक्कम असू दे. मी पहाटे उठून तिच्यासाठी ज्वारीच्या भाकरी करायची, तुरीचं वरण, पालक नाहीतर मेथी, वर गूळ. झाकून ठेवून शाळेत जायची. संध्याकाळी येऊन बघायची तर दुरडी रिकामी, वरणाचं पातेलं धुऊन पालथं. "जेवलीस का?" "जेवले की." मी खूश. नवऱ्याला म्हणायची, बघ, भाकरी सगळ्या संपतात आता.

पण बांगड्या कोपराकडं सरकायच्या थांबत नव्हत्या.

भाऊ मध्ये एकदा भेटायला आला. जाताना फाटकाशी मला म्हणाला, "आक्के, माय वाळली की गं."

"जेवते ती. सगळं जेवते."

"शिकल्याली माणसं मोजून वाढत असत्याल," तो म्हणाला, हसत. पण ते वाक्य मला काट्यासारखं लागलं. त्याच्यामागं न बोललेलं दुसरं वाक्य होतं, ते आम्हा दोघांना माहीत होतं. आमच्याकडे लेकीच्या घरचं अन्न आई-बाप खात नाहीत. जुन्या माणसांना अजून ते जड जातं. मला वाटलं, हेच आहे. ही माझ्या घरात माझं अन्न पचवू शकत नाही. मी नोकरी करते, घर माझ्या नावावर आहे, आणि तरी मी फक्त देऊन टाकलेली लेक.

त्या रात्री मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. "तुला माझ्या घरचं खायला लाज वाटते का?"

मायनं दुधाचा कप खाली ठेवला. "येडी झालीस का? तुझं घर ते माझं नाय व्हय? लाज वाटली असती तर आले असते का कोंबड्या घेऊन?"

तिच्या तोंडावर खोटं दिसत नव्हतं. मग रक्त जात होतं कुठं?

डॉक्टरांची पुढची खेप आली. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. "काही फरक नाही. उलट थोडं कमीच. खातात का?" मी म्हणाले खातात. "तुम्ही स्वतः बघता का खाताना?" मी म्हणाले, मी शाळेत असते. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. लोक हे वाक्य असंच अर्धं सोडतात. आठ दिवस देतो, मग भरती. माय बाकड्यावर बसून माळेचे मणी बोटांनी फिरवत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी खुराडं बंद करायला मागं गेले. ज्वारी टाकली तर एकीनंही चोच लावली नाही. उघड्या मानेची भिंतीला टेकून सुस्त उभी होती, आणि तिच्या नागड्या गळ्याखाली लिंबाएवढा, नाही, त्याहून मोठा फुगवटा दिसत होता. कोंबडी खाते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, मग सावकाश पोटात उतरतं. हे मी फळ्यावर कितीतरी वेळा काढलंय. मी तिला उचललं, पिशवीवर बोटं दाबली. दाणे असते तर खडे लागल्यासारखे लागले असते. आमचं ते दळलेलं खाद्य असतं तर वाळूसारखं. हे मऊ होतं, मळलेल्या पिठासारखं. दुसरी उचलली, तेच. तिसरीही तेच.

माझ्या घरात मळलेलं पीठ फक्त भाकरीचं असायचं.

शनिवारी शाळा सकाळची. एरवी मी बाजार करून यायची, त्या दिवशी सरळ घरी आले, पुढच्या दारानं, चपला हातात घेऊन. माय मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर ताट. ताटात मी केलेल्या भाकरी, वरण, पालक. आणि तिच्यापुढं तिन्ही कोंबड्या माना वर करून. ती भाकरीचा तुकडा मोडायची, वरणात बुडवायची, पुढं टाकायची. त्या गिळायच्या आणि पुन्हा माना वर. ती पुन्हा मोडायची. तिच्या तोंडात काही नव्हतं.

मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की काकूंच्या घरातला रेडिओ बंद झाला.

"माय! ते तुझं जेवण आहे!"

ती दचकली, पण ताट नाही खाली ठेवलं. "त्यांचं झालं की जेवते."

"त्यांचं सकाळीच झालंय! मी स्वतः घातलंय!"

"भुकटी घातलीस. भुकटी काय खाणं हाय? चुलीवरचं नाय खाल्लं त्यांनी."

"मग एक तुकडा दे आणि जेव ना!"

"अशी कशी जेवू?" तिला माझा राग कळतच नव्हता, तेच मला जास्त झोंबलं. "जित्राबानं पाठ फिरवली की मग आपलं ताट. तोंडाशी उभं ऱ्हायलं म्हंजी भुकेलंय. भुकेल्या जित्राबापुढं घास गिळतोय का कुनाला?"

आणि मग मला कळलं. कळलं म्हणजे सगळं चित्रच उभं राहिलं, आणि ते इतकं मूर्खपणाचं होतं की मी तिथंच पायरीवर बसले.

गावी आमच्या घरामागं उकिरडा होता. माय ताट घेऊन बसायची, कोंबड्या यायच्या, ती चार तुकडे टाकायची. ते गिळून त्या पाठ फिरवायच्या आणि उकिरडा उकरायला पळायच्या, कारण तिथं किडे, अळ्या, दाणे, सगळी मज्जा. मग माय जेवायची. जन्मभर ती अशीच जेवली होती. आणि इथं? इथं फरशी. चार भिंती. जायला जागाच नाही. या कोंबड्या पाठ फिरवून जाणार कुठं? म्हणून त्या दिवसभर तिच्यासमोर उभ्या आणि ती दिवसभर त्यांना भुकेलेलं समजणार. एकेक करून सगळ्या भाकरी जाणार, आणि दुरडी रिकामी बघून मी खूश होणार.

मी समजावलं. विश्वास ठेवा, नीट समजावलं, शाळेत समजावते तसं. कोंबडीला भूक नसली तरी ती खाते, हे सांगितलं. त्यांच्या पिशव्यांना तिचा हात लावून दाखवला. माय म्हणाली, "भरल्यात तर मग उभ्या का?" मी म्हणाले, जागा नाही म्हणून. "जागा नाय म्हंजी जाता येत नाय, म्हंजी आडकल्यात. आडकल्याली जित्राबं आन मी जेवू?"

मी दुपारी त्यांना खुराड्यात कोंडायचं ठरवलं. त्या आत ओरडत राहिल्या, माय ताट झाकून बसून राहिली आणि मी शाळेतनं येईपर्यंत तिनं त्यांना सोडलेलं होतं. रजा टाकून एक दिवस समोर बसले. तिनं माझ्यासमोर दोन घास खाल्ले, मान खाली घालून, आणि तेही असे की औषध बरं. काकूंनी भिंतीवरून सल्ला दिला की कोंबड्या कुणाला तरी देऊन टाका. मायनं तो ऐकला आणि रात्रीचं दूधही घेतलं नाही.

नवरा म्हणाला, "उकिरडाच करू मग."

तो चेष्टेत म्हणाला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याचं हसणं गेलं. "अगं, खरंच नाही म्हणत मी."

"मी म्हणतेय."

मला सांगताना अजूनही राग येतो. मी गावातला उकिरडा, शेणाचा वास, पायाला चिकटणारा चिखल, हे सगळं मागं टाकायला शिकले होते. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधर बाईनं रविवारी सकाळी गारखेड्यातल्या गोठ्यावर जाऊन शेणाच्या बादल्या भरल्या. तेव्हा गारखेड्यात गोठे होते अजून. गवळी म्हणाला, "मॅडम, गोवऱ्या थापनार का?" मी म्हणाले, "उकिरडा करणार आहे." त्याला वाटलं मी चिडलेय. चिडलेलीच होते. गल्लीतनं बादली नेताना शाळेतल्या एक बाई भेटल्या. त्यांनी बादलीकडे बघितलंच नाही असं दाखवलं, त्याचा मला जास्त राग आला. नवऱ्यानं मागच्या कोपऱ्यातली फरशी कुदळीनं उखडली. मोगऱ्यासाठी धरलेली जागा तीच. त्यात शेण, वाळलेला पाला, भाजीची देठं, भुसा, आणि माझ्या त्या मोंढ्यातल्या खाद्याचं उरलेलं पोतं, सगळं ओतलं. वरून पाणी मारलं. थोड्याच दिवसांत त्यात वळवळ सुरू झाली. मी वाकून बघितलं. अळ्या, गांडुळं, सगळे हजर. विज्ञानाच्या बाई म्हणून मला समाधान वाटायला हवं होतं. मला शिंका येत होत्या.

डॉक्टरांकडे जाऊन मी मुदत वाढवून मागितली. त्यांनी विचारलं कशासाठी. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मलाच भरती केलं असतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा लवकर आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. माय पायरीवर बसली. कोंबड्या आल्या, माना वर. तिनं एक तुकडा टाकला, दुसरा टाकला. उघड्या मानेचीनं तो गिळला, एकदा मान वाकडी करून कोपऱ्याकडं बघितलं, आणि पाठ फिरवून पळाली. तिच्यामागं काळी. तांबडी जरा थांबली, मायनं तिला तिसरा तुकडा दाखवला, पण तिनं तो घेतलाच नाही. तिन्ही उकिरड्यावर, पाय मागं झाडत, शेण उडवत. मायनं थोडा वेळ त्यांच्याकडं बघितलं. मग पदर आवरला, ताट मांडीवर ओढलं, भाकरी मोडली आणि वरणात बुडवून स्वतःच्या तोंडात घातली. दुसरा घास. तिसरा. मी खिडकीतनं हलले नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली. चढत चाललंय, असंच चालू द्या, रक्त चढवायची गरज नाही. "काय बदललंत?" मी म्हणाले, जागा बदलली. त्यांना वाटलं जेवायची.

अंडी कमी झाली, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कवचही पुन्हा पातळ झालं. मी सांगत होते ते बरोबरच होतं. पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. अंगणात माशा झाल्या, मागचं दार उघडलं की वास आत यायचा, आणि काकूंचं म्हणणं होतं की त्यांच्या देवघरापर्यंत येतो. एका दुपारी त्यांनी भिंतीवरून नाकाला पदर लावून विचारलं, "अहो आजी, हे काय हो मांडलंय तुमच्या लेकीनं? आमचा चांगला शिकलेला एरिया आहे."

माय पायरीवर जेवत होती. ताटात शेवटची भाकरी होती. तिनं घास गिळला आणि म्हणाली, "काय सांगू बाई. एवढी शिकली, आन सेवटाला घरात उकिरडा केला."

मी दारात होते. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तिखट, नेमकं, आणि पूर्ण खरं. पण मी बोलले असते तर ती भांडायला थांबली असती, ताट बाजूला सरकवलं असतं, आणि कोंबड्यांनी वळून बघितलं असतं. तिच्या हातातला तुकडा वरणात बुडाला. मी उत्तर गिळलं आणि तिच्या ताटात आणखी वरण वाढलं.